साक्षीदार वाचला म्हणून

लँकेस्टर बॉम्बरच्या शेपटाशी काचेची एक खोबण असे. तिला टरेट म्हणत. आत चार मशीनगन आणि एक माणूस. जागा इतकी अडचणीची की पॅराशूट अंगावर चढवून बसता येत नसे. ते पाठीमागे, विमानाच्या पोटात ठेवलेलं असे. वेळ आलीच तर दार उघडून ते ओढून घ्यायचं, बांधायचं, टरेट आडवं फिरवायचं आणि पाठीवरच स्वतःला बाहेर झोकून द्यायचं. टरेट फिरे हायड्रॉलिक दाबावर आणि तो दाब येई इंजिनातून. इंजिन गेलं की उरे फक्त हाताने फिरवायचा दांडा.

१३ जून १९४४ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्सच्या आकाशात, अशाच टरेटमध्ये बसलेल्या पॅट ब्रॉफीच्या हातात तो दांडाच तुटून आला.

दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरून जेमतेम आठवडा झाला होता. जर्मन कुमक पुढे येऊ नये म्हणून रेल्वे यार्डांवर बॉम्ब टाकले जात होते. कॅनडाच्या ४१९ स्क्वाड्रनचं हे विमान कांब्रेच्या यार्डावर निघालं होतं. जर्मन लढाऊ विमानाने ते गाठलं. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली, पंख पेटला, आतही आग भडकली. वैमानिकाने उड्या टाकायचा हुकूम दिला.

विमानाच्या पाठीवरच्या दुसऱ्या टरेटमधला अँड्र्यू मिनार्स्की खाली उतरला. विनिपेगच्या पोलिश घरातला, वय २७. हवाई दलात येण्याआधी तो फर-कातड्याच्या धंद्यात कामाला होता. आता सुटकेचं दार समोर होतं. पण मागे अडकलेला ब्रॉफी त्याला दिसला. तो आगीतून रांगत तिथवर गेला. कुऱ्हाडीने टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी झुंजला. कपडे कमरेपर्यंत पेटले. ब्रॉफीने खुणावलं: जा, तू जा! मिनार्स्की मागे सरकत दारापाशी पोचला. जळत्या कपड्यांत सावधान उभा राहिला, सॅल्यूट केला आणि उडी मारली.

ब्रॉफी अधिकारी होता. मिनार्स्की त्याच्याहून खालच्या हुद्द्यावर. दोघे जिवलग मित्र. रात्री निरोप घेताना मिनार्स्की थट्टेने त्याला सॅल्यूट ठोकायचा. त्या शेवटच्या सॅल्यूटचा अर्थ ब्रॉफीला वेगळा सांगावा लागला नसेल.

विमान जमिनीवर आदळलं आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. जगला! मिनार्स्की भाजलेल्या अंगाने फ्रेंच गावकऱ्यांच्या हाती लागला आणि काही तासांत गेला. विमानातल्या सातजणांपैकी तो एकटाच.

१९४६ साली त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो ब्रॉफीने सांगितलं म्हणून. त्या टरेटमधून वाचणं जवळपास अशक्यच होतं. ब्रॉफी मेला असता तर मिनार्स्कीच्या नावापुढे एवढंच राहिलं असतं: उडी घेतली, भाजून मृत्यू. ही हकिकत वाचल्यापासून मला सतत बाकीचे आठवत राहतात. त्या युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे, म्हणजे या बॉम्बर विमानांच्या दलाचे, ५५,५७३ जण मारले गेले. इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर २०,००० हून अधिक हवाई सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांना कबर नाही. त्यांच्या विमानांत शेवटच्या मिनिटाला कोण कुणासाठी मागे वळलं, हे सांगायला कुणी उरलंच नाही.

मिनार्स्कीची कबर मेआरिकूर या फ्रेंच खेड्यात आहे. आणि कॅनडात, हॅमिल्टनच्या संग्रहालयात, त्याच्या नावाने जपलेलं एक लँकेस्टर आहे. त्याच्या विमानाचीच अक्षरं त्यावर रंगवली आहेत: व्हीआर-ए. जगात उडण्याजोगी लँकेस्टर दोनच उरली. हे त्यांतलं एक.