काळी शाई आणि पाचवी अनुसूची

शाई घरीच करावी लागते. लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड आणि स्वयंपाकाचं तेल, चमच्यावरून ओघळणार नाही इतपत घट्ट. हातमोजे न घालता कालवली तर ती नखांतून लवकर निघत नाही, आणि सोमवारी ऑफिसात लोक बोटांकडे बघत राहतात.

ही शाई बोगद्यासाठी. बोगदा म्हणजे पन्हळी प्लास्टिकचा पत्रा त्रिकोणी दुमडून केलेली, सव्वा मीटरच्या आसपास लांबीची पोकळी. मधोमध खाण्याची वाटी, वाटीच्या दोन्ही बाजूंना शाईचे पट्टे आणि दोन्ही तोंडांशी कोरे कागद. जनावर वासानं आत येतं, शाईत पाय भरवतं, खातं आणि निघताना कागदावर आपली सही ठोकून जातं. एका चौरस किलोमीटरमध्ये असे दहा बोगदे लावायचे, सलग पाच रात्री. इंग्लंडमध्ये एखाद्या भागात हेजहॉग आहे की नाही हे ठरवण्याची ही रुळलेली पद्धत आहे. लेस्टरशायरमधल्या आमच्या गावात ती राबवणारा गट लहान आहे: निवृत्त पोस्टमन, शाळेत स्वयंपाक करणाऱ्या एक बाई, दोन विद्यार्थी आणि मी. माझ्याकडे काम आलं ते केवळ सकाळी लवकर उठायची सवय आहे म्हणून.

काटे बघून आपण मराठी माणसं त्याला साळिंदर म्हणून मोकळे होतो, पण दोघांचं नातं नाही. साळिंदर कुरतडणारं आणि चांगलं दांडगं. हेजहॉग सोललेल्या नारळाएवढा, भुंगेरे, अळ्या आणि गांडुळं खाणारा, अंगावर पाच ते सात हजार आखूड काटे. रात्रीत किलोमीटर-दोन किलोमीटर सहज चालतो. नोव्हेंबरच्या सुमारास झुडपाखाली किंवा लाकडांच्या ढिगात पानांचं जाड घरटं करून झोपतो तो मार्चपर्यंत.

सकाळी कागद काढायचे ते दव पडलेल्या गवतात गुडघे टेकून. मांजराचा ठसा गोल, नखांशिवाय. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं आणि ठसा नाजूक. हेजहॉगचा पुढचा पंजा रुंद, बोटं फाकलेली, आणि तो कागदावर घाईनं पुढेमागे केल्यासारखा उमटतो. बहुतेक कागदांवर यातलं काहीच नसतं; गोगलगाय शाईतून सरपटत गेलेली असते आणि सगळं बरबटलेलं असतं. तो कागदही तारीख, बोगद्याचा क्रमांक आणि नकाशातला चौकोन लिहून जपायचा. आमचे पोस्टमन याबाबतीत कडक आहेत. पत्ता नसलेलं पत्र आयुष्यभर परत पाठवलेला माणूस तो.

हा खटाटोप प्रेमापोटी असला तरी त्याचं गिऱ्हाईक आहे नगरपालिकेतली फाइल. गावाबाहेरच्या पडीक तुकड्यावर घरं बांधायचा अर्ज आला की हरकती मागवल्या जातात. तिथे ‘आम्हाला हेजहॉग फार आवडतात’ या वाक्याला शून्य किंमत. ‘अमुक चौकोनात, अमुक तारखांना, पाचपैकी तीन रात्री ठसे मिळाले, नोंद जिल्ह्याच्या नोंदकेंद्रात दाखल आहे’ याला थोडी किंमत. थोडी एवढ्यासाठी की पुढे कायदा हात आखडता घेतो.

ब्रिटनचा वन्यजीवांचा मुख्य कायदा १९८१ चा. आपल्या १९७२ च्या कायद्यासारखाच तिथेही खेळ अनुसूचींचा: प्राणी कुठल्या यादीत, यावर त्याचं नशीब. हेजहॉग सहाव्या अनुसूचीत आहे. तिथे बंदी आहे ती पद्धतींवर. परवान्याशिवाय त्याला फासा, सापळा, जाळं लावायचं नाही, विष घालायचं नाही, विजेचं उपकरण वापरायचं नाही, आवाजाची ध्वनिफीत वाजवून भुलवायचं नाही, मोटारीनं पाठलाग करायचा नाही. शिवाय १९९६ चा वन्य सस्तन प्राण्यांचा कायदा आहे. त्यात लाथ मारणं, ठेचणं, जाळणं, बुडवणं, फरफटवणं अशी क्रियापदांची भयंकर यादी आहे, पण ते सारं विनाकारण यातना देण्याच्या हेतूनं केलेलं असलं पाहिजे.

हेजहॉगला पाचव्या अनुसूचीत घ्यावं या मागणीसाठी सह्या गोळा करायला आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर टेबल मांडतो तेव्हा मी ही यादी वाचून दाखवते. लोक शहारतात आणि मग हमखास विचारतात, ‘एवढं सगळं आहे, मग आणखी काय हवंय?’

प्रश्न रास्त आहे. या कायद्यांच्या डोळ्यांसमोरचा शत्रू म्हणजे हेजहॉगच्या वाईटावर टपलेला माणूस. तसा माणूस आज विरळा. आजचा शत्रू हेजहॉगकडे पाहतच नाही. जानेवारीत जेसीबी येतो, ब्रॅम्बलची काटेरी जाळी उपसतो, तिच्या तळाशी झोपलेलं जनावर मातीबरोबर ट्रकमध्ये जातं. चालकाला ते दिसलंही नसतं. फासा नाही, विष नाही, क्रूर हेतू नाही. म्हणजे गुन्हा नाही.

१९८१ च्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत फरक नेमका इथे पडतो. तिथल्या पूर्ण संरक्षण असलेल्या प्राण्याला मारणं-पकडणं तर बंद होतंच, शिवाय त्याच्या आसऱ्याची जागा मोडणं, तिची वाट अडवणं आणि तो तिथे असताना त्याला त्रास देणं हाही गुन्हा ठरतो. लाल खार त्या यादीत आहे, वटवाघळं आहेत, पाणउंदीर आहे. हेजहॉग आला, तर काम सुरू करण्याआधी कुणाला तरी वाकून बघावं लागेल. आमची मागणी एवढीच, वाकून बघायला लावणारा कायदा.

संसदेत ही मागणी नवी नाही. माजी वाहतूक मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी पर्यावरण विधेयकाला तशी दुरुस्ती सुचवली होती. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये विधेयकाचा कायदा झाला, दुरुस्ती त्यात आली नाही. सरकारी उत्तराचा सूर ठरलेला: पाचवी अनुसूची मुख्यतः मारल्या-पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी, हेजहॉगचं दुखणं अधिवास आक्रसण्याचं. हे उत्तर मला चमत्कारिक वाटतं. अधिवासच आक्रसतोय, तर आसऱ्याला हात लावू नका असं सांगणारं कलम त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं?

संख्येबद्दल मात्र आमच्याच बाजूला थोडा ढिसाळपणा आहे. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये ३ कोटी हेजहॉग होते हा आकडा प्रत्येक फलकावर दिसतो. तो एका जुन्या अंदाजावर उभा आहे आणि त्याचा पाया कच्चा आहे. १९९५ चा अंदाज सुमारे १५ लाखांचा, २०१८ चा ८ लाख ७९ हजारांचा. पद्धती वेगळ्या असल्यानं त्यांचीही सरळ वजाबाकी करता येत नाही. खात्रीचं आहे ते असं: २०२० च्या ब्रिटनच्या लाल यादीत हा प्राणी ‘असुरक्षित’ ठरला, आणि २०२२ च्या अहवालानुसार २००० पासून ग्रामीण भागातली घट ३० ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान आहे, शहरांत मात्र संख्या सावरताना दिसते. शेतांच्या कडेच्या झुडपी वया गेल्या, कीटक कमी झाले, रस्ते वाढले. बिज्जूही हेजहॉग खातो, आणि त्याला १९९२ चा स्वतःचा वेगळा कायदा आहे! आमच्या टेबलाशी हा विषय काढायला बंदी आहे, कारण बिज्जूप्रेमी आणि हेजहॉगप्रेमी बहुधा एकच असतात.

गटात एक मतभेद आहे आणि तो मिटलेला नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पूर्ण संरक्षण हवंय, आत्ता. पोस्टमनला धास्ती वाटते ती परसदारच्या माणसाची. आज हेजहॉग जगतोय तो बराचसा या लोकांच्या बागांत. उद्या लाकडाचा ढीग हलवणंही गुन्हा होईल असं वाटलं, तर ते ढीग रचायचंच सोडतील. बांधकामवालेही सर्वेक्षणाच्या आधी जमीन गुपचूप साफ करतील. त्यात उन्हाळ्यात हेजहॉग घरटं सारखं बदलतो, म्हणजे शोधायचं काय हाही पेच. प्रशिक्षित कुत्र्यांकडून घरटी हुडकण्याचे प्रयोग चालू आहेत, पण गावोगावी कुत्रा कुठून आणणार?

मला मधली वाट पटते, आणि तिला दाखला आहे. पाणउंदराला १९९८ मध्ये आधी फक्त आसऱ्यापुरतं संरक्षण मिळालं, पूर्ण संरक्षण २००८ मध्ये. हेजहॉगसाठीही तेवढं एक कलम, तेही निष्काळजीपणे केलेल्या मोडतोडीपुरतं, सुरुवातीला पुरे. बाईंना हे लोटांगण वाटतं.

तोवर कुंपणांना भोकं पाडण्याचं काम चालू असतं. १३ सेंटिमीटर लांब-रुंद. हेजहॉग जाईल, बहुतेक पाळीव कुत्री जाणार नाहीत. २०११ पासून दोन संस्थांनी मिळून ही मोहीम देशभर नेली. लाकडी फळीला करवत पुरते, तळाशी काँक्रीटची पट्टी असली तर ड्रिल भाड्यानं आणावं लागतं आणि शेजाऱ्याला दोनदा चहा पाजावा लागतो. घरबांधणीच्या सरकारी मार्गदर्शनात अशा वाटांचा उल्लेख २०१९ पासून आहे, २०२४ च्या डिसेंबरमधल्या राष्ट्रीय धोरणातही हेजहॉगचं नाव आलंय. मात्र मार्गदर्शन आणि कायदा यांत किती अंतर आहे ते मी एका नव्या वसाहतीत पाहिलं. प्रत्येक कुंपणाला भोक होतं, नकाशाबरहुकूम. शेवटच्या ओळीतली भोकं थेट मुख्य रस्त्यावर उघडत होती.

आमची सगळ्यात मोठी अडचण कॅलेंडरची. बोगदे चालतात हेजहॉग जागा असतो तेव्हा, म्हणजे ढोबळमानानं मे ते सप्टेंबर. बांधकामाचा अर्ज नोव्हेंबरात आला तर पाच रात्रींचे कोरे कागद एवढंच सिद्ध करतील की इथे कुणी नाही, आणि ते कागद समोरच्या बाजूच्या कामाला येतील. म्हणून आता आम्ही अर्जाची वाट बघत नाही. गावातल्या, अर्जाची पाटी न लागलेल्या प्रत्येक मोकळ्या जागेची यादी केली आहे आणि उन्हाळ्यात एकेक उरकतो. पुढचा तुकडा जुन्या पबच्या मागचा. मालकानं परवानगी दिली आहे, फक्त बोगदे गिऱ्हाइकांच्या बाकांपासून दिसता कामा नयेत आणि वाटीतलं खाणं त्याच्या स्वयंपाकघरातून घ्यायचं नाही.