वाटल्याने न घटणारे धन

अर्थशास्त्रात वस्तूंचे एक वर्गीकरण केले जाते. काही वस्तू एकाने उपभोगल्या की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढ्या कमी येतात. भाकरी हे त्याचे अगदी साधे उदाहरण. दुसऱ्या प्रकारातील वस्तू कितीही जणांनी घेतल्या, तरी मूळ धन्याच्या पदरचे काही उणे होत नाही. आपल्या पूर्वजांनी विद्येची गणना या प्रकारात केली होती. नृत्यही त्यातच मोडते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या नृत्याचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे विधान बव्हंशी खरे ठरते. ‘बव्हंशी’ हा शब्द येथे हेतुपुरस्सर योजला आहे.

गिनीतील मालिंके लोकांच्या गावांत नृत्य हे जीवनक्रमाचेच अंग आहे. कापणीसाठी शेतकरी जमले की ‘कासा’चा ताल वाजतो, मुलांच्या सुंतेच्या संस्काराला ‘सोली’ वाजतो. वादक आणि गावकरी मिळून रिंगण धरतात. ज्याला स्फूर्ती होईल तो आत उतरतो. त्याच्या पावलांवर नजर ठेवून जेंबे वाजवणारा आपला हात बदलतो. काही क्षणांनी नर्तक मागे सरतो आणि त्याची जागा दुसरा घेतो. कडेला टाळ्या देणारी वृद्धाही या नृत्यात सहभागीच असते.

हे नृत्य जगापुढे नेण्याचे श्रेय प्रामुख्याने फोदेबा केईता यांच्याकडे जाते. १९५० च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी आफ्रिकी तरुणांचा एक संच उभा केला. रंगमंचासाठी रिंगण मोडावे लागले. प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या रांगा आल्या आणि रात्र रात्र चालणारी नृत्ये मिनिटांत बसवावी लागली. ही तडजोड खरीच. परंतु आफ्रिकेला रानटी समजणाऱ्या युरोपीय प्रेक्षकासमोर एक शिस्तबद्ध आणि प्रगल्भ कला प्रथमच या थाटात उभी राहिली. १९५८ साली द गॉल यांनी पुढे केलेली राज्यघटना नाकारून गिनी स्वतंत्र झाला आणि पुढे हाच संच राष्ट्रीय नृत्यसंच म्हणून मान्यता पावला. त्याच्या दौऱ्यांमुळे जेंबे खंडोखंडी पोहोचला. जोलिबा या गिनीच्या दुसऱ्या सरकारी संचातील वादक मामादी केईता यांनी १९९१ साली ब्रसेल्समध्ये शाळा काढली आणि तिच्या शाखा अनेक देशांत निघाल्या. अशा वर्गांत दिवसभर कचेरीत बसलेली माणसे सायंकाळी रिंगण धरून नाचतात. रंगमंचाने मोडलेले रिंगण परक्या शहरांत पुन्हा जुळावे, यातला आनंद केवळ टाळ्या वाजवून मिळणाऱ्या आनंदाहून निश्चितच मोठा आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे. ज्या राजवटीने हे नृत्य परदेशी मिरवले, तिनेच देशाच्या अरण्यप्रदेशातील मुखवट्यांचे विधी अंधश्रद्धा म्हणून बंद पाडले. मुखवटा रंगमंचावर मान पावत होता आणि गावात गुन्हा ठरत होता! खुद्द फोदेबा केईता स्वतंत्र गिनीचे मंत्री झाले. त्या राजवटीची दमनयंत्रणा उभारण्यात त्यांचाही हात होता, हे नमूद करावयास हवे. १९६९ साली त्याच यंत्रणेने त्यांना अटक केली आणि बोइरो छावणीच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला.

येथे ‘बव्हंशी’ या शब्दाचा उलगडा होतो. नृत्य वाटल्याने घटत नाही. परंतु नृत्य जिवंत ठेवणाऱ्या गोष्टी घटू शकतात. वादकाची उपजीविका, गावात टिकून राहणारे तरुण, आपल्या रीतीने सण साजरा करण्याचे स्वातंत्र्य, या गोष्टी भाकरीसारख्या आहेत. त्या कोणी तरी पुरवाव्या लागतात. घाना देशाने १९६२ साली लेगॉन येथील विद्यापीठाच्या आश्रयाने राष्ट्रीय नृत्यसंच स्थापला. अशांतींचे अडोवा, एवे लोकांचे अग्बाड्झा आणि उत्तरेकडील दागोंबांचे बामाया एकत्र शिकवताना कोणते नृत्य कोणाचे आणि कोणत्या प्रसंगाचे, याचा अभ्यासही तेथे झाला. देवाणघेवाण करावी ती अशी.

आफ्रिकेचे नृत्य समुद्रापार गेले ते नेहमी स्वेच्छेने गेले असेही नाही. पश्चिम किनाऱ्यावर गुलाम, खलाशी आणि शिपाई म्हणून आलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज सिद्दी म्हणून आपणांस परिचित आहेत. मुरूडचा जंजिरा पाहिलेल्यास त्यांच्या सत्तेचा इतिहास सांगावयास नको. गुजरातेतील सिद्दी बावा गोर या पिराच्या सन्मानार्थ जे नृत्य करतात, त्याला ते ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीसारख्या बांटू भाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि ढोलासह होणारे नृत्यही. भाषा गेली, मायभूमी गेली, तरी हा शब्द आणि तो ताल शतकानुशतके टिकला.

असे असता आपल्या स्नेहसंमेलनांतून ‘आफ्रिकी नृत्य’ म्हणून काय सादर होते? अंगाला काजळी, कमरेला पाने, हातात भाला आणि तोंडाने निरर्थक आरोळ्या! मुलांचा दोष नाही; त्यांना दुसरे काही दाखवलेलेच नसते. शिक्षकांनी मनावर घेतले तर एखाद्या वर्षी सिद्दी कलावंतांना सन्मानाने बोलावता येईल, प्रवासखर्च व योग्य मानधन देता येईल, आणि कार्यक्रमाआधी दोन दिवस विद्यार्थ्यांना त्यांच्या हाताखाली ताल शिकवता येईल. संमेलनाच्या अंदाजपत्रकात मंडपावर आणि ध्वनिक्षेपकावर जो खर्च होतो, त्यातूनच ही रक्कम काढणे बहुतेक संस्थांना अशक्य नाही. काजळीऐवजी कला शिकून घरी गेलेला विद्यार्थी आफ्रिकेकडे आणि शेजारच्या सिद्द्याकडेही निराळ्या दृष्टीने पाहील.