सीआरपी वाढलंय, म्हणजे नक्की काय?

पनवेलच्या उरण नाक्यापासून कामोठे-खारघरपर्यंत कुठल्याही लॅबच्या काचेवर आज ‘फुल बॉडी चेकअप’चा फलक दिसतो. साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्या रांगेत पुष्कळदा ‘एचएस-सीआरपी’ ही चाचणीही असते. संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, ४.८ हा आकडा ठळक अक्षरांत दिसतो आणि घरात चलबिचल सुरू होते. सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, हे नाव आपल्याला कोविडने शिकवलं ना! २०२१च्या एप्रिलमध्ये ज्यांनी नातेवाइकांसाठी बेड शोधले, त्यांच्या मनात ते नाव ऑक्सिजन सिलिंडरच्या शेजारीच बसलेलं आहे.

तेव्हा पहिल्यांदा आकड्यांचं प्रमाण समजून घेऊ. जंतुसंसर्ग जोरात असला की सीआरपी लिटरला १०० मिलिग्रॅमच्याही वर सहज जातं. लठ्ठपणात किंवा मधुमेहात ते साधारण ३ ते १०च्या घरात रेंगाळतं. इतकं कमी प्रमाण अचूक मोजता यावं म्हणून जास्त संवेदनशील पद्धत वापरतात, तीच एचएस-सीआरपी. अमेरिकी तज्ज्ञांनी २००३ साली हृदयविकाराच्या जोखमीसाठी पायऱ्या ठरवल्या: १च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३च्या वर जास्त. आकडा १०च्या पुढे गेला तर आधी संसर्ग शोधायचा आणि चाचणी पुन्हा करायची. एक बारीकशी गोम एककात आहे. काही लॅब लिटरऐवजी डेसिलिटरमध्ये आकडा देतात. तिथलं ०.४८ म्हणजे इथलं ४.८. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढलं’ म्हणून घाबरण्याआधी आकड्यापुढची ती अक्षरं वाचावीत.

आणि चाचणी केव्हा केली? पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांपैकी काही नुकतं होऊन गेलं असेल, दाढ ठणकत असेल, लस घेतली असेल, तर सीआरपी वाढणारच. रक्तातलं सीआरपी जवळपास १९ तासांत निम्मं होतं, त्यामुळे मूळ कारण मिटलं की काही दिवसांत तेही उतरतं. म्हणूनच दोनेक आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजल्याशिवाय त्यावर मत देऊ नये. दाहाचीच दुसरी चाचणी असलेल्या ईएसआरचं तर याहून अवघड. वय वाढलं, अंगात रक्त कमी असलं, तरीही तो वाढतो. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा ईएसआर निव्वळ अ‍ॅनिमियामुळे चढलेला असतो.

‘पण मला तर कुठे सूज नाही!’ ही तक्रार रास्त आहे, कारण सीआरपी किंचित वाढवणारा लठ्ठपणातला दाह डोळ्यांना दिसत नाही आणि दुखतही नाही. तो चालतो चरबीत, विशेषतः पोटाच्या आतल्या, आतड्यांभोवतीच्या चरबीत. चरबी म्हणजे नुसता उरलेल्या उष्मांकांचा साठा, ही समजूत शास्त्रज्ञांचीही बरीच वर्षं होती. १९९३ साली हार्वर्डमधल्या संशोधकांना लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हा दाह पेटवणारा रेणू बाहेर पडताना आढळला. तो निष्प्रभ केला की त्या उंदरांत इन्सुलिन अधिक चांगलं काम करू लागलं. २००३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढचा दुवा जोडला. लठ्ठ माणसांच्या चरबीतल्या शंभर पेशींपैकी चाळीसच्या आसपास चरबीच्या नव्हत्याच. त्या होत्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी.

जंतू नसताना त्या तिथे काय करतात? चरबीची पेशी फुगत जाते, तिला प्राणवायू पुरेनासा होतो, ती मरते. मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज कडं करून बसतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असे संदेश सोडत राहतात. टीएनएफ-अल्फा इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आतच अडवतो, म्हणून साखर रक्तात तुंबते. पोटातल्या चरबीतलं इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे थेट यकृतात पोचतं आणि यकृत सीआरपी तयार करू लागतं. रिपोर्टमधला ४.८ हा आकडा येतो तो इथून.

सर्वांत हट्टी गैरसमज बारीक माणसांचा आहे. ‘माझं वजन ६२ किलो, मला कसली चरबी?’ याला उत्तर पुण्यातून मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनावरून काढलेला बीएमआय दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा या फरकाबद्दल चकार शब्द काढत नाही. याज्ञिकांच्याच गटाने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात खेड्यातले, शहरी झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे तीन गट होते. खेड्याकडून शहराकडे येताना चरबी वाढत गेली आणि तिच्याबरोबर रक्तातल्या दाहाच्या खुणाही.

पुण्यातल्या तीन गटांमधलं हे अंतर पनवेल तालुक्यात एकाच घरात भेटतं. आजोबांनी कळंबोली-कामोठ्याच्या खाचरांत भात लावला, वडील तळोजा एमआयडीसीत पाळीवर गेले, नातू हार्बरच्या गाडीने रोज मुंबईला जाऊन खुर्चीत बसतो आणि रात्री नऊला जेवतो. नातवाचा बीएमआय २३ असला तरी पँटचा नंबर काय म्हणतो ते विचारा. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटर मानतात. शिंप्याची टेप खालच्या बरगडीच्या आणि कंबरेच्या हाडाच्या मधोमध ठेवायची, श्वास सहज सोडायचा, पोट आत न ओढता वाचायचं. मला विचाराल तर एचएस-सीआरपीवर पैसे घालण्याआधी ही फुकटची चाचणी करावी. मधुमेहाचं निदानही सीआरपीवर होत नाही. त्याला उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी चाचणी, लागते.

आता उपायांचा बाजार. ‘दाह आहे ना, मग दाह कमी करणारं काहीतरी घ्या.’ पनवेलला काढ्या-चूर्णांचं वावडं नाही; धूतपापेश्वरचा कारखाना १८७२पासून इथला आहे. भाजीतली हळद खुशाल खावी. कॅप्सूलमधल्या कर्क्युमिनची गोष्ट वेगळी. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, त्यावरचे बरेच प्रयोग लहान आहेत, आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करणंही तसंच घातक, त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मूळ घोटाळा असा की आकडा उतरवणं म्हणजे रोग उतरवणं असं आपण धरून चालतो. थर्मामीटर बर्फात बुडवून ताप जात नाही. ज्यांचं सीआरपी जन्मजात जनुकांमुळे जास्त असतं, त्यांना त्यामुळे मधुमेह जास्त होताना दिसलेला नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये दाह रोखणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन पडताळून पाहिलं. सीआरपी उतरलं, पुन्हा झटके येण्याचं प्रमाण थोडं घटलं, नवा मधुमेह मात्र थांबला नाही. २००८च्या आणखी एका चाचणीत कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनने सीआरपी ३७ टक्क्यांनी खाली आणलं, तरी मधुमेहाचं निदान उलट किंचित जास्तच झालं. पण एवढ्यावरून कोणी स्टॅटिन बंद करू नये. हृदयाला त्याचा फायदा त्या जोखमीपेक्षा मोठा आहे.

चरबीलाच हात घातला तर मात्र सीआरपी आणि मधुमेह दोन्ही हलतात. अमेरिकेच्या मधुमेह प्रतिबंध कार्यक्रमात वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच लक्ष्य होतं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, सीआरपी वर्षभरात साधारण तीस टक्क्यांनी. ८० किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ साली छापलेल्या प्रयोगात तर वजन फारसं न हलताही, केवळ आहार-व्यायाम बदलून मधुमेह २८.५ टक्क्यांनी घटला.

एक जागा हमखास राहून जाते, ती हिरड्यांची. पिकलेल्या हिरड्या सीआरपी वाढवतात आणि साखरही बिघडवतात. वाढलेली साखर पुन्हा हिरड्या पिकवते. मशेरी लावणाऱ्या बायका आपल्या गावांत आजही आहेत, आणि तंबाखू हिरड्यांची हानी करतेच. हिरड्यांवर नीट उपचार केले की मधुमेहींची एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ टक्क्याने उतरते, असं २०२२च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. एखाद्या जादा गोळीने जेवढी उतरते, त्याच्या जवळपास जाणारी ही घट आहे. पॅकेजच्या यादीत दातांच्या डॉक्टरकडची फेरी कुठेच नसते. साखर आणि सीआरपी दोन्ही चढलेली असतील तर ती फेरी याच महिन्यात करावी.