मांडवगडची गोरखचिंच

मध्य प्रदेशात पीथमपूरचे कारखाने मागे टाकून मांडवगडला पोहोचलं की रस्त्याकडेला पिंपासारख्या बुंध्याची झाडं दिसतात. ही गोरखचिंच, तिथले लोक तिला खुरासानी इमली म्हणतात. मूळची आफ्रिकेची, पण माळव्यात शतकानुशतकं रुळलेली.

तिची पांढरी, लोंबती फुलं संध्याकाळी उमलतात. परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. कठीण कवचाच्या फळातला आंबट गर गावकरी विकतात. काही वर्षांपूर्वी जुनी झाडं मुळासकट हैदराबादला जाऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं.

झाड हलवता येतं, एकवेळ जगतंही. वटवाघळांची वस्ती मात्र ट्रकमध्ये चढत नाही! कोवळी रोपं गुरं खातात, म्हणून निव्वळ जुने वृक्ष राखणं अपुरं आहे. चराईपासून रोपं वाचवणं आणि वटवाघळांना थारा देणं हेच खरं संवर्धन.