बेसी स्मिथ, बियॉन्से आणि पंढरपूरच्या विठाबाई: ब्लॅक फेमिनिझमचा तमाशाशी काय संबंध?

लावणीचं रील व्हायरल झालं की कमेंटमध्ये दोन गट पडतात. एक म्हणतो 'ही आपली संस्कृती', दुसरा म्हणतो 'हे अश्लील'. नाचणारीचं म्हणणं काय, हे कुणी विचारत नाही.

अमेरिकेत काळ्या बायकांचंही असंच होतं. स्त्री चळवळीत 'बाई' म्हणजे गोरी बाई आणि काळ्यांच्या लढ्यात 'माणूस' म्हणजे पुरुष. १९७७ साली बोस्टनच्या कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने ठणकावून सांगितलं की वंश, वर्ग आणि बाईपण यांचा जाच एकत्रच होतो, तो सुटा करून मोजता येत नाही. हाच ब्लॅक फेमिनिझम.

मग गाण्याचा संबंध काय? अँजेला डेव्हिस यांनी १९९८ च्या पुस्तकात मा रेनी, बेसी स्मिथ आणि बिली हॉलिडे यांची गाणी उलगडली. कष्टकरी काळ्या बायकांना पुस्तकं लिहायला मिळाली नाहीत, त्यांचा विचार ब्लूजमध्ये आहे, असं त्या म्हणतात. गुलामीत जोडीदार निवडायची किंवा मनाला येईल तिकडे जायची मुभा नव्हती. त्यामुळे प्रेम आणि प्रवास गाणं म्हणजे नुकतं मिळालेलं स्वातंत्र्य गाणं. पुरुषाची मारहाणही या बायकांनी स्टेजवरून गायली. बियॉन्सेचा २०१६ चा 'लेमोनेड' याच वाटेवरचा. त्यात काळ्या स्त्रीच्या अपमानावर बोलणाऱ्या माल्कम एक्सच्या भाषणाचा तुकडाही आहे.

मा रेनी आणि बेसी फिरत्या तंबूंत गायच्या. तंबू म्हटलं की आम्हा सोलापूरकरांना तमाशाच आठवणार. विठाबाई नारायणगावकरांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. घराणं मांग समाजातलं, फड भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा. भर कार्यक्रमात त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. आपण तो कौतुकाने शेअर करतो. पण त्या अवस्थेत त्यांना नाचावं का लागलं? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही शेवटचे दिवस हलाखीत गेले. २००२ मध्ये त्या वारल्या; आता राज्य सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. बेसी १९३७ मध्ये गेली, तिच्या कबरीवर नावाचा दगड बसला १९७० मध्ये.

तरी सरळ बरोबरी करू नका. बेसीने कित्येक गाणी स्वतः लिहिली. लावण्या मात्र बहुतेक पुरुष शाहिरांच्या. पुण्याच्या अभ्यासक शर्मिला रेगे यांनी १९९५ मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं: लावणीत बाईची इच्छा दिसते, पण ती रचली कुणी? पेशवाईतल्या लावणीने 'खालच्या' ठरवलेल्या जातींतल्या बाईची जी प्रतिमा उभी केली, ती तिच्या श्रमावर आणि शरीरावर हक्क सांगणाऱ्यांच्या सोयीची होती. पुढे १९९८ मध्ये, म्हणजे डेव्हिस यांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, रेगे यांनी दलित स्त्रीच्या जागेवरून स्त्रीवाद मांडला.

आमच्या जिल्ह्यात अकलूजच्या लावणी स्पर्धेला लोक बायकापोरांसह जायचे. मोडनिंबच्या कलाकेंद्राचं नाव मात्र घरात आवाज खाली करून घेतलं जातं. स्पर्धेत उतरायच्या त्या अशाच कलाकेंद्रांवरच्या पार्ट्या.