बंदी येते, खाण हलते

खाण म्हटली की आम्हां विदर्भातील लोकांच्या डोळ्यांपुढे वणीचा किंवा बल्लारपूरचा कोळसा येतो. आज ज्या खाणीविषयी लिहीत आहे तिच्यात मात्र ना कुदळ, ना माती. एका मोठ्या गोदामात लोखंडी मांडण्यांवर लहान पेटीएवढी यंत्रे ओळीने ठेवलेली असतात, त्यांचे पंखे रात्रंदिवस घोंगावत असतात. एका बाजूने वीज आत जाते आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा बाहेर पडते. ही झाली ‘बिटकॉइन’ या आभासी चलनाची खाण. गेल्या काही वर्षांत चीन, इराण, कोसोव्हो अशा देशांनी या खाणींवर बंदी घातली. बंदी घातल्यावर या धंद्याचे नेमके काय होते? वरवर पाहता हा प्रश्न कायद्याचा वाटतो. पण त्याचे निम्मे उत्तर गणितात आणि निम्मे पदार्थविज्ञानात आहे.

प्रथम ही यंत्रे करतात काय ते पाहू. बिटकॉइन म्हणजे मूलतः एक जमाखर्चाची वही. ती कोणत्याही बँकेत नसते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक लेख प्रसिद्ध झाला, त्यात ही कल्पना मांडली होती. (हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, हे कोडे अजून सुटलेले नाही.) ३ जानेवारी २००९ रोजी वहीचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासून साधारण दर दहा मिनिटांनी एक नवे पान जोडले जाते.

पान कोणी जोडायचे? त्यासाठी शर्यत असते. यंत्र पानावरील मजकुराला एक मनास येईल तो आकडा जोडते आणि ते सर्व ‘शा-२५६’ नावाच्या ठराविक गणिती प्रक्रियेतून काढते. उत्तर म्हणून २५६ द्विमान अंकांची एक संख्या मिळते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ही संख्या पार बदलते, आणि ती काय येईल हे आधी सांगता येत नाही. ती एका ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आली तर पान मान्य होते आणि त्या यंत्राच्या मालकाला नवी नाणी बक्षीस मिळतात. आरंभी हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० पानांनंतर ते निम्मे होते. एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. युक्तीला येथे वाव नाही. आकडा बदलायचा, उत्तर पाहायचे, पुन्हा आकडा बदलायचा, एवढेच. म्हणूनच याला खाणकाम म्हणतात.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

ही शर्यत दोन फाशांनी छान समजते. शिक्षकांनी वर्गात अवश्य करून पाहावी. समजा, वर्गात ३६ विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाजवळ दोन फासे आहेत. शिट्टी झाली की सर्वांनी एकदम फासे टाकायचे. ज्याच्या दोन्ही फाशांवर सहा येतील त्याला एक गोळी. दोन्हींवर सहा येण्याची शक्यता ३६ पैकी १. म्हणजे सरासरीने प्रत्येक शिट्टीला एक गोळी वाटली जाईल.

आता मुख्याध्यापकांनी निम्म्या वर्गाला खेळण्यास मनाई केली असे समजा. अठरा विद्यार्थी उरले. आता सरासरीने दोन शिट्ट्यांमागे एक गोळी निघू लागेल, खेळ मंदावेल. पण खेळाचा एक नियम आरंभीच लिहून ठेवलेला आहे : गती मंदावली तर अट सैल करायची. म्हणून नवी अट येते, ‘दोन फाशांची बेरीज अकरा’. पाच-सहा आणि सहा-पाच अशा दोन रीतींनी अकरा येतात. शक्यता ३६ पैकी २, म्हणजे १८ पैकी १. अठरा विद्यार्थी आणि अठरातील एक संधी! पुन्हा प्रत्येक शिट्टीला सरासरी एक गोळी निघू लागली. बाहेर घालवलेल्या विद्यार्थ्यांमुळे खेळाचे काहीच बिघडले नाही. उलट आत राहिलेल्या प्रत्येकाला, हात पूर्वीइतकेच चालवून, पूर्वीच्या दुप्पट गोळ्या मिळू लागल्या.

बिटकॉइनमध्ये दर २०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारे चौदा दिवसांनी, अशीच अट बदलते. यंत्रे वाढली तर ती कठीण होते, घटली तर सोपी. एका देशाने आपल्या खाणी बंद केल्या की त्या क्षणापासून इतर देशांतील खाणी अधिक किफायतशीर होऊ लागतात. बंदी घालणाऱ्याने जणू शेजाऱ्याला बक्षीसच दिलेले असते.

वीज जाते कोठे?

आता पदार्थविज्ञानाकडे वळू. या कामासाठीच घडवलेले, २०२० च्या सुमारास खपणारे एक नामांकित यंत्र सेकंदाला ११० लाख कोटी प्रयत्न करते आणि ३,२५० वॅट वीज घेते. म्हणजे दिवसाला ७८ युनिटे. या विजेने ओझे उचलले जात नाही, पाणी चढवले जात नाही, उजेडही पडत नाही. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाप्रमाणे ती नाहीशी तर होणार नाही. जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता बनते. तेव्हा हे यंत्र म्हणजे एक-एक किलोवॅटच्या तीन शेगड्या अहोरात्र पेटत्या ठेवल्यासारखे आहे.

ही उष्णता काढून नेणे हाच खाणवाल्यांचा मोठा उद्योग. यंत्रातून जाणारी हवा १० अंशांनीच तापावी असे ठरवले, तर प्रत्येक यंत्रातून सेकंदाला सुमारे २८० लिटर हवा वाहवावी लागेल. (हवेची विशिष्ट उष्णता आणि घनता घेऊन हे गणित स्वतः सोडवून पाहा.) आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेथे आत जाणारी हवाच ४५ अंशांची, बाहेर येणारी ५५ ची! वाळ्याच्या ताट्या लावून माणसे कशीबशी निभावतात. हजार यंत्रांचे गोदाम निभणे कठीण. हे खाणवाले आइसलँड आणि सायबेरियाकडे का धावतात, हे यावरून कळेल.

सर्व खाणी मिळून किती वीज खातात याचे अंदाज केंब्रिज विद्यापीठातील एक केंद्र करते. त्याप्रमाणे अलीकडच्या वर्षांत हा खप वर्षाला १०० अब्ज युनिटांहून अधिक आहे. अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक वीजकेंद्र ५०० मेगावॅटचे. ते वर्षभर एक क्षणही न थांबता पूर्ण क्षमतेने चालले, तर ४३८ कोटी युनिटे होतील. म्हणजे बिटकॉइनसाठी अशी तेवीस केंद्रे लागतील. औष्णिक केंद्राला नुसता कोळसा पुरत नाही, पाणीही लागते. अमरावतीजवळ नांदगावपेठेला २७० मेगावॅटचे पाच संच उभे राहिले, तेव्हा अप्पर वर्धा धरणाचे पाणी शेतीला की विजेला, यावर केवढा वाद झाला होता, ते घरच्या मोठ्या माणसांना विचारा.

चीनची बंदी

केंब्रिजच्याच आकड्यांप्रमाणे २०१९ च्या सप्टेंबरात जगातील तीन-चतुर्थांश खाणकाम एकट्या चीनमध्ये चाले. खाणवाले तेथे मेंढपाळांसारखे फिरत. पावसाळ्यात सिच्वानच्या धरणांची स्वस्त जलविद्युत, आणि पाऊस सरला की शिनजियांग व इनर मंगोलियातील कोळशाची वीज. २१ मे २०२१ रोजी चीनच्या सरकारने खाणकाम मोडून काढण्याचे जाहीर केले आणि महिन्याभरात एकामागून एक प्रांतांनी वीज तोडली.

पुढे जे झाले ते आपल्या वर्गातल्यासारखेच झाले. जगातील एकूण प्रयत्नांचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. दहा मिनिटांचे पान रेंगाळू लागले. ३ जुलै २०२१ रोजी अट सुमारे २८ टक्क्यांनी सैल झाली; एवढी मोठी घट तोपर्यंत कधीच झाली नव्हती. इकडे यंत्रे पेट्यांत भरून जहाजांवर व मालमोटारींवर चढली होती. ऑगस्टपर्यंत अमेरिकेचा वाटा ३५ टक्क्यांवर आणि कझाकस्तानचा १८ टक्क्यांवर गेला. डिसेंबर उजाडेपर्यंत एकूण वेग बंदीपूर्वीच्या पातळीवर परतला होता.

मग बंदीने काहीच साधले नाही काय? चीनपुरते बरेच साधले. त्याच्या विजेच्या तारांवरचे ओझे उतरले. पण ते कोणाच्या तरी खांद्यावर गेले. कझाकस्तानची वीज बहुतांशी कोळशाची. त्या हिवाळ्यात तेथे विजेची टंचाई झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्यांनीही खाणींचा पुरवठा तोडला. सिच्वानची जलविद्युत सुटल्यामुळे बिटकॉइनच्या दर युनिटामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड वाढला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. वाढ सुमारे १७ टक्के होती. हवेला देशांच्या सीमा नसल्याने हा हिशेब सर्वांच्याच खाती पडतो.

शिवाय बंदी पाळली जाते ती मोठ्या खाणीकडून. २०२१ च्या अखेरीस केंब्रिजच्या आकड्यांत चीनचा वाटा पुन्हा पाचव्या हिश्श्याएवढा दिसू लागला. काही खाणी लपूनछपून सुरू झाल्या होत्या. गणित लपवता येते, उष्णता लपवणे अवघड. मे २०२१ मध्ये इंग्लंडातील वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांना एक गोदाम उडत्या कॅमेऱ्यातून अवरक्त किरणांत भलतेच तापलेले दिसले. आत गांजाची लागवड असावी म्हणून त्यांनी छापा घातला, तो निघाली बिटकॉइनची खाण, आणि तीही चोरीच्या विजेवर!

आपल्याकडे काय झाले

भारतात खाणकामावर थेट बंदीचा कायदा झाला नाही. २०१९ मध्ये एका सरकारी समितीने विधेयकाचा मसुदा केला होता. त्यात खाणकामालाही दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. तो संसदेत मांडला गेला नाही. त्याआधी ६ एप्रिल २०१८ रोजी मुंबईहून रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना आभासी चलनाच्या व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली. येथे वीज तोडली नव्हती, नाण्यांचे रुपये करण्याची वाट अडवली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. माझ्या मते खाणवाल्यांना खरा अडसर ठरला तो २०२२ चा कर : नफ्यावर ३० टक्के, आणि यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करावयाचा नाही.

तरीही ‘घरबसल्या खाणकाम’ म्हणून पैसे गोळा करणारे भेटतातच. ‘गेनबिटकॉइन’ या योजनेत अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा देण्याचे आमिष होते. फसवणुकीच्या तक्रारींवरून पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटका केल्या. असे कोणी भेटले तर एक भागाकार करावा. २०२५ मध्ये जगातील सर्व यंत्रे मिळून सेकंदाला एकावर एकवीस शून्ये इतक्या प्रयत्नांच्या घरात होती. वर सांगितलेल्या एका यंत्राचा वाटा त्यात नव्वद लाखांत एक. वर्षाला सुमारे ५२,५६० पाने लिहिली जातात. तेव्हा एकट्या यंत्राला एक पान मिळण्यास सरासरी १७३ वर्षे लागतील!

विजेचा खप खरोखर एकदम कोसळला तो कोणत्याही सरकारच्या हुकुमाने नव्हे. ‘इथेरियम’ हे दुसरे मोठे आभासी चलनही अशाच शर्यतीवर चालत असे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी ते चालवणाऱ्यांनी खेळाचा नियमच बदलला. पान जोडण्याचा मान यंत्राच्या वेगावर न देता, अनामत ठेवलेल्या नाण्यांवरून चिठ्ठी काढून देण्याचे ठरले. त्याचा विजेचा खप ९९ टक्क्यांहून अधिक घटला. त्या शर्यतीत बहुतेक संगणकातील चित्रांसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे राबत होती. ती एका दिवसात बेकार झाली आणि जुन्या मालाच्या बाजारात स्वस्तात विकली जाऊ लागली.