साबणाच्या हिशेबात ताईंची मजुरी धरलीत का?



मोहाच्या तेलाचा साबण पेठ-सुरगाण्याच्या बचत गटाकडून बनवून घ्यायचा आणि नाशिकात विकायचा. कल्पना भारीच, पण आधी हिशेब बघू.

समजा, ४० वड्यांचा एक घाणा. तेल, सोडा वगैरे कच्चा माल ८०० रुपये, वेष्टन २००. वडी पडली २५ ला, दुकानदाराला दिली ३५ ला. दहा सुटले!

थांबा. दोन ताईंचे चार-चार तास कुठे गेले? तासाला ६० धरले तर ४८० रुपये. म्हणजे वडी ३७ ला पडली. तुम्ही नफा म्हणताय, ती त्यांची मजुरी आहे!

दुसरं, साबण मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. मजुरी मात्र त्याच दिवशी द्यायची, तेवढं भांडवल आधीच बाजूला ठेवा. अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना हवाच.

लिज्जत आठवा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथे पापड लाटणारी बहीणच मालकीण असते.

आज वही काढा. पहिली ओळ मजुरीची लिहा, भाव नंतर ठरवा.